जुन्या इंग्लिश पागेची फरशी: ठेवावी की झाकावी?

ओवरी

नमस्कार मंडळी. मी बर्मिंगहॅममधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करते. श्रॉपशरमधल्या एका मोठ्या कंट्री हाउसची पागा सध्या माझ्याकडे मोजणीला आली आहे. कमानीवरच्या दगडात १८६८ कोरलेलं आहे. मालकांना तिथे चहाची जागा आणि लग्नाचा हॉल करायचाय.

इमारत लाल विटांची, मध्ये चौक, तीन बाजूंना दुमजली ओळी आणि चौथ्या बाजूला कमान. कमानीवर मनोरा, त्यात घड्याळ, वर वातकुक्कुट. गंमत म्हणजे खुद्द हवेलीवर कुठेच घड्याळ नाही. घोड्यांना वेळ कळून काय करायचंय?

खरी अडचण फरशीची आहे. पश्चिमेच्या लांब खोलीत निळसर काळ्या विटा आहेत, त्यांवर चॉकलेटच्या वडीसारखे खाचे, आणि सगळं किंचित उताराचं. पूर्वेच्या खोलीत मात्र सपाट दगडी फरशी, मोठे दरवाजे, आणि जमिनीत विटांनी बांधलेला एक लांबट खड्डा. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं की तो लिदीचा खड्डा आहे, तो बुजवा, आणि निळ्या विटांवर चार इंच काँक्रीट ओता, नाहीतर पाहुण्यांच्या टाचा अडकतील. आमच्या साहेबांची हरकत नाही. मला मात्र आपण काहीतरी महत्त्वाचं पुसतोय असं वाटतंय, पण नक्की काय ते सांगता येत नाहीये. या विषयातलं कुणी आहे का इथे?

रिकामी_रकीब

विषयातला नाही, पण फिरस्ता आहे. माझ्या मते हा सगळा बडेजाव. पाहुणा बग्गीतून आला की त्याला पहिली दिसणार पागा, म्हणून तिथे मनोरा, घड्याळ, कमान. स्कॉटलंडमध्ये मँडरस्टनला जाऊन या. १८९५ मध्ये जॉन किन्रॉस या आर्किटेक्टने तिथली पागा बांधली, खर्च २०,००० पौंड. सागवानी ठाणं (घोडा बांधायचे कप्पे), पितळी खांब, प्रत्येक घोड्याच्या नावाची संगमरवरी पाटी. मालक सर जेम्स मिलर, त्यांच्या सेनफॉइन घोड्याने १८९० ची डर्बी शर्यत मारली होती. पैसा होता, उधळला. यात वाचण्यासारखं आणखी काय असणार?

चुना_वीट

रकीबसाहेब, मँडरस्टन हा शेंडा झाला. शेंड्यावरून झाड ओळखायला गेलं की गफलत होते. सागवान आणि संगमरवर काढून टाका, मग खाली जो आराखडा उरतो तो श्रॉपशरच्या पागेत आहे तोच आहे, आणि तो बडेजावातून आलेला नाही. तो घोड्याच्या श्वासातून आणि मुतातून आलेला आहे. शब्दाबद्दल क्षमस्व, पण मी उमेदीची सगळी वर्षं इंग्लंडमधल्या जुन्या इमारतींची पाहणी करण्यात घालवली आहेत आणि पागेत शिरल्यावर मी आधी खाली बघतो, मग वर.

ओवरी, तुमच्या निळ्या विटांपासून सुरू करतो. त्या स्टॅफर्डशर ब्लू. तिथली लोहयुक्त लाल माती फार मोठ्या आंचेवर आणि भट्टीतली हवा तोडून भाजली की वीट निळी होते आणि इतकी घट्ट होते की पाणी पीत नाही. साधी लाल वीट किंवा वाळूचा दगड घातला असता तर वर्षभरात फरशी घोड्याच्या लघवीने भिजून कायमची वास मारू लागली असती. खाचे दोन कामांसाठी. नाल मारलेला पाय घसरू नये हे एक, आणि पातळ पदार्थ टापांखाली न साचता खाच धरून वाहून जावा हे दुसरं. खाचांची दिशा बघा. ठाणातल्या खाचा मागच्या बाजूला जातील आणि तिथे सगळ्या ठाणांच्या मागून एक आडवी पन्हळ गेलेली असेल, कदाचित लोखंडी, कदाचित विटांचीच. ती पन्हळ उघडी असते. त्या पिढीला खोलीच्या आत गटाराचं तोंड नको होतं, कारण तिथून वायू परत वर येतो. म्हणून पन्हळ भिंतीच्या आरपार चौकात काढायची आणि जाळीचं कुंड बाहेर ठेवायचं. तुमच्या चौकात पश्चिमेच्या भिंतीलगत असं कुंड सापडलं तर त्याच्या समोर आत पन्हळ आहेच असं समजा.

उतार किती आहे तेही मोजा. या उतारावरून त्या काळी बरीच वादावादी झाली आहे. उतार जास्त दिला तर निचरा छान, पण घोडा रात्रंदिवस पुढचे पाय उंचावर आणि मागचे खोलात ठेवून उभा राहतो, त्याच्या मागच्या शिरा ताणतात. मग तो आपोआप आडवा उभा राहू लागतो. जिथे उतार अगदी मोजून मापून दिलाय तिथे बांधणाऱ्याला घोडा कळत होता. असं काँक्रीटच्या चार इंचांखाली घालवायचं म्हणजे काय घालवायचं हे आता तुम्हाला साहेबांना सांगता येईल.

पूर्वेची सपाट दगडी फरशीची खोली हा गाडीखाना. मोठे दरवाजे त्यासाठीच. पागा आणि गाडीखाना यांच्या मध्ये एक लहान खोली आहे का बघा. तिथे भिंतीला लाकडी खुंट्या, धुराडं किंवा शेगडीची जागा असेल तर ती सामानाची खोली. खोगिरं, लगाम, जोत्याचे पट्टे तिथे राहायचे. ती मध्ये घालण्यामागे हिशोब आहे. घोड्याच्या ठाणातून उठणारा अमोनिया गाडीच्या वार्निशाला आणि कातड्याला खातो. बग्गीवर वार्निशाचे किती हात चढवलेले असत आणि त्यावर कोचमनचा किती जीव असे हे पाहिलं तर गाडीखान्याचं दार ठाणांच्या खोलीत कधीच का उघडत नाही ते कळतं. सामानाची खोली शेगडीने कोरडी आणि उबदार ठेवायची, म्हणजे कातड्याला बुरशी नाही, आणि पोरं संध्याकाळी तिथेच बसून पितळ घासायची.

आता खड्डा. लीद गाडीखान्यात कोण साठवेल हो? लिदीचा उकिरडा बाहेर, पागेच्या मागे, सावलीच्या बाजूला, आणि शक्यतो भिंतबंद भाजीबागेच्या वाटेवर. ताज्या लिदीच्या उष्णतेवर माळी काचेखाली खरबुजं आणि काकड्या काढत. म्हणून पागा आणि भाजीबाग पुष्कळदा शेजारी असतात. तुमचा लांबट खड्डा बहुधा मोटारीखाली उभं राहून काम करायचा आहे. १८९६ च्या कायद्याने मोटारीपुढे माणूस चालवायची सक्ती गेली, वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवर आली, आणि पुढच्या दहापंधरा वर्षांत हौशी मालकांच्या गाडीखान्यांत बग्गीच्या जागी मोटार शिरली. खड्ड्याच्या विटा भिंतींच्या विटांहून वेगळ्या मापाच्या किंवा रंगाच्या निघाल्या तर माझं म्हणणं पक्कं धरा. तो बुजवू नका. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असतो तसाच आहे, फक्त शंभर वर्षं जुना.

घड्याळाबद्दल. रकीबसाहेब म्हणतात ते अर्धं खरं आहे. पागेचं तोंड येणाऱ्या रस्त्याकडे केलेलं असतं आणि तिथे थोडी ऐट चालते. पण हवेलीच्या दर्शनी भागावर मालकाला सहसा घड्याळ नकोच असायचं. घड्याळ कामकऱ्यांसाठी. माळी, सुतार, मोतद्दार (घोड्यांची चाकरी करणारे), धोबीण, सगळ्यांचं काम पागेच्या घड्याळावर आणि तिथल्या घंटेवर चालायचं. शिवाय रेल्वे आली होती. स्टेशनवर गाडी न्यायची तर कोचमनला अचूक वेळ हवी. लंडनची वेळ देशभर कायद्याने लागू झाली ती १८८० मध्ये, रेल्वेवाले मात्र कितीतरी आधीपासून तीच पाळत होते. मनोऱ्याचंही यंत्राशी नातं आहे, कारण वजनांवर चालणाऱ्या घड्याळाला वजनं खाली उतरायला उंची लागते.

नालबंद

मी पशुवैद्य, घोड्यांचं काम जास्त. चुना_वीट यांनी जमिनीबद्दल लिहिलंय, मी घोड्याच्या डोक्याकडून लिहितो.

जुन्या पागांत वैरणीचं जाळं घोड्याच्या डोक्याच्या वर टांगलेलं असे. घोडा मान वर करून गवत ओढतो आणि कुसळं, धूळ, बिया थेट डोळ्यांत आणि नाकपुड्यांत. व्हिक्टोरियन सुधारकांनी हे जाळं खाली आणलं आणि एकाच पातळीवर सलग मांडणी केली: एका बाजूला वैरण, मधे चंदी म्हणजे दाणा, दुसऱ्या बाजूला पाणी. घोडा चरतो तो मान खाली घालूनच, त्यामुळे हे त्याच्या शरीराला धरून आहे. लाकडाऐवजी मुलामा दिलेलं लोखंड आलं, तेही शहाणपणाचं. कंटाळलेला घोडा लाकडी गव्हाण कुरतडतो, आणि ग्लँडर्ससारखा संसर्गजन्य रोग आला तर लाकूड धुऊन भागत नाही, जाळावं लागतं. लोखंड धुता येतं.

हे सगळं तयार मिळायचं. बेलफास्टचे मसग्रेव्ह आणि लंडनचं सेंट पँक्रस आयर्न वर्क्स ही मोठी नावं. खांबाच्या तळाशी किंवा गव्हाणीच्या कडेला ओतीव अक्षरं असतात. गंज घासून बघा, नाव निघालं तर आनंदाला पारावार नाही.

आणि गव्हाणीच्या खाली किंवा शेजारी एक कडी आणि नळीसारखी जागा दिसली तर ती मोहरकीच्या, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या बंदाच्या, दोरासाठी. दोर कडीतून जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला लाकडी गोळा लटकतो. घोडा पुढे आला की गोळा खाली जातो, दोर ताठ राहतो, आणि पुढचा पाय ढिल्या दोरात अडकत नाही. एवढीशी वस्तू, पण दोरात पाय अडकून रात्रभर झगडलेला घोडा पाहिला असेल तर तिची किंमत कळते.

रिकामी_रकीब

बरं, फरशी कबूल. पण हे सगळं घोड्यांसाठी! त्यांची चाकरी करणारी पोरं कुठे झोपायची?

चुना_वीट

घोड्यांच्या डोक्यावर. लग्न झालेल्या कोचमनला चौकाच्या कोपऱ्यात किंवा फाटकाशी घर, आणि बिनलग्नाची पोरं माळ्यावर, गवताच्या कोठाराशेजारी. खालून घोड्यांची ऊब मिळायची आणि खालूनच हवाही. रात्री एखादा घोडा आडवा पडून भिंतीत अडकला, लाथा झाडू लागला, तर पोरांनी ऐकायला हवं, म्हणून त्यांना लांब ठेवत नसत. गव्हाणीला मुलामा आणि पोराला पत्र्याचं पिंप, हा हिशोब बघून माझंही डोकं भणभणतं. सरकारी हिशोबही तसाच: घरात, अंगणात पुरुष नोकर ठेवला की १८६९ पासून दरसाल दरडोई १५ शिलिंग कर. मोतद्दार त्यात आला. हा कर पार १९३७ पर्यंत चालला. म्हणजे पागा किती माणसांवर चालते हे मालकाच्या वहीत चोख लिहिलेलं असायचं.

ओवरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर टेप, टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन तिथे होते. सापडलं ते सांगते.

पश्चिमेच्या खोलीत धूळ झाडल्यावर फरशीत गोल ठिगळं दिसली, साधारण पेल्याच्या तळाएवढी, सिमेंटने भरलेली. भिंतीपासून नऊ फुटांवर एका रांगेत, दर सहा फुटांवर एक. त्यांच्या मागून विटांची पन्हळ, ती उत्तरेच्या टोकाला भिंतीत शिरते आणि बाहेर खरंच जाळीचं कुंड आहे. खोलीच्या दक्षिण टोकाला बारा बाय बारा फुटांची वेगळी खोली, दार मधोमध कापलेलं, वरची फळी वेगळी उघडते.

माळ्यावर फळ्यांनी बंद केलेली चार उभी पेटाऱ्यासारखी नळकांडी आहेत, खालच्या छतापासून छपराच्या कण्यापर्यंत. वर पत्रा ठोकलाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जुन्या चिमण्या. पण आत काजळी अजिबात नाही.

खड्ड्याच्या विटा पिवळट आणि गुळगुळीत. बाकी इमारत लाल. काका, तुम्ही जिंकलात.

चुना_वीट

मी नाही, नळकांडी जिंकली! ओवरी, अहो हा तुमचा सगळ्यात मोठा शोध आहे, आणि तुम्ही तो तिसऱ्या परिच्छेदात टाकलात.

काजळी नाही म्हणजे त्या चिमण्या नाहीत. ती हवेची नळकांडी. वर कोठार असलं की खालच्या घोड्यांची गरम, ओली, अमोनियाची हवा जायची कुठून, हा त्या काळचा मोठा प्रश्न. थेट कोठारात सोडली तर गवत नासतं आणि तेच गवत घोडा खात नाही. म्हणून छताला भोक पाडून फळ्यांच्या बंद नळकांड्यातून हवा कोठाराला न शिवता छपराच्या कण्यावर काढायची आणि तिथे झडपांची घुमटी बसवायची. तुमच्या छपराच्या कण्यावर आज पत्रा ठोकलाय तिथेच चार घुमट्या होत्या. जुना फोटो मिळाला तर दिसतील. कमानीवरच्या मनोऱ्यालाही झडपा असतील, पण त्याच्या खाली कमान म्हणजे मोकळी वाट, तेव्हा त्या झडपा घंटेचा आवाज बाहेर जावा म्हणून. दोन्ही एकाच नमुन्याच्या दिसतात, म्हणून लोक मनोऱ्यालाच हवा काढायची वाट समजतात.

आता खालून हवा आत कशी यायची ते बघा. पश्चिमेच्या भिंतीतल्या खिडक्या उंचावर असतील आणि खालच्या बिजागरीवर आतल्या बाजूला कलत असतील, दोन्ही बाजूंना त्रिकोणी पत्र्याचे किंवा लाकडाचे गाल. थंड हवा वर फेकली जाते, घोड्याच्या पाठीवर पडत नाही. काच एवढी सढळ वापरता आली कारण १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरचा. विटांवरचा १८५० मध्ये. १८६८ ची पागा ही त्या मोकळिकीतली आहे.

गोल ठिगळं म्हणजे ठाणांमधल्या ओतीव खांबांचे पाय. सहा फूट रुंदी, नऊ फूट खोली, अगदी पुस्तकी ठाण. वरती दोन खांबांच्या मधे फळ्यांची आडभिंत असायची, डोक्याकडे उंच आणि मागे उतरत जाणारी, तिच्या कडेला लोखंडी वळणदार पट्टी. डोक्याकडे उंच कारण शेजारी घोडे एकमेकांना चावतात. तुमच्याकडे खांब गेले, पण भिंतीला त्या आडभिंतींच्या खाचा किंवा रंगाची सावली असेल. टॉर्च आडवा धरून बघा. बारा बाय बाराची खोली म्हणजे लूज बॉक्स, घोडा न बांधता मोकळा ठेवायची जागा, आजारी किंवा व्यायला आलेल्या घोडीसाठी, किंवा मालकाच्या लाडक्या शिकारी घोड्यासाठी.

नालबंद

एक शंका. खिडक्या पश्चिमेच्या भिंतीत आणि घोड्यांची तोंडंही पश्चिमेला? दुपारी उजेड थेट डोळ्यांवर येणार की.

ओवरी

नाही, ठाणांची रांग पूर्वेच्या भिंतीला आहे, म्हणजे चौकाच्या बाजूला पाठ नाही, तोंड. ती भिंत आतून कोरी आहे, फक्त दोन दारं. खिडक्या घोड्यांच्या मागे.

नालबंद

मग उत्तम. उजेड मागून यायला हवा, तसाच येतोय.

चुना_वीट

आता साहेबांना काय सांगायचं ते.

हवेली लिस्टेड, म्हणजे कायद्याने संरक्षित इमारतींच्या यादीत, असणार. मग तिच्या आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामंही सर्वसाधारणपणे त्या संरक्षणात येतात, पागा वेगळी लिस्टेड नसली तरी. १९९० चा कायदा आहे. परवानगीशिवाय फरशीवर काँक्रीट ओतणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि साहेबांच्या "हरकत नाही" ने कुणी सुटत नाही. काउन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या इमारतींचं जतन बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आत्ताच बोलवा, भाव लावून झाल्यावर नव्हे.

टाचांचा प्रश्न खरा आहे, तो टाळू नका. निळ्या विटांवर लाकडी वासे टाकून सुटी लाकडी जमीन बसवा. वासे पन्हळीच्या समांतर ठेवा, विटांत खिळा नको, आणि खालून हवा खेळू द्या. उद्या काढली तर फरशी जशीच्या तशी. दोन ठाणांची जागा आणि पन्हळीचा तुकडा उघडा ठेवा, तिथे टेबलं लावू नका. नळकांड्यांवरचा पत्रा काढून वर जाळीदार झडप बसवता आली तर दीडशे वऱ्हाडींच्या घामालाही तीच वाट चालेल, एसीचा खर्च थोडा तरी वाचेल. मालकांपुढे हा मुद्दा पहिला मांडा.

खड्ड्यावर जाड काच टाकून खाली दिवे लावायची सध्या फॅशन आहे. माझं मत विचाराल तर फळ्यांचं झाकण बरं, मूळचंही तसंच असणार. ईटन हॉलला जमलं तर चक्कर टाका. चेशरमधे, तुमच्यापासून फार लांब नाही. आल्फ्रेड वॉटरहाउसने ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरसाठी बांधलेली तिथली प्रचंड हवेली १९६० च्या दशकात पाडली, पागा मात्र उभी राहिली. आणि बग्ग्या बघायच्या असतील तर डेव्हनमध्ये आर्लिंग्टन कोर्ट. तिथल्या १८६४ च्या पागेत नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं गाड्यांचं संग्रहालय आहे, गाडीखान्याच्या दाराची उंची का तेवढी असते ते तिथे एका बग्गीशेजारी उभं राहून कळतं.

ओवरी

साहेबांना नळकांड्यांचे फोटो दाखवले. काँक्रीट सध्या थांबलंय, ऑफिसरची भेट पुढच्या आठवड्यात. एक शेवटचं: चौकाच्या भिंतीत कंबरेच्या उंचीवर लोखंडी कड्या आहेत, ओळीने. त्या काढू म्हणतोय कॉन्ट्रॅक्टर, कुणाला लागतील म्हणून.

नालबंद

घोडा बाहेर बांधून खरारा करायच्या कड्या. पावसाचं छत वर कुठे होतं का तेही बघा, भिंतीत कंसांची भोकं असतील. कड्या आत दुमडत असतील तर कुणाला लागत नाहीत. नसतील दुमडत, तर खाली कुंड्या ठेवा.